चाकांवरची चूल

गोंदिया जिल्ह्यात अर्जुनी नावाची दोन गावे तालुक्याची ठाणी आहेत. त्यांतील एकाची ओळख शेजारच्या मोरगावावरून पटते, तर दुसऱ्याची सडकेवरून. ही सडक म्हणजे नागपुराहून रायपूरकडे जाणारा जुना ग्रेट ईस्टर्न रोड. पुढे तो राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६ झाला आणि २०१० च्या पुनर्क्रमांकनानंतर सरकारी दप्तरात ५३ या आकड्याने नोंदला गेला. ज्या गावाने आपल्या नावातच रस्ता धारण केला आहे, त्याच्या अन्नव्यवहाराचा विचार रस्त्याला वगळून होऊ शकत नाही. साकोलीकडून देवरीच्या दिशेने जाताना धानाच्या बांध्या आणि जंगल यांच्यामधून ही सडक सडक अर्जुनीस पोहोचते. जवळच्या कोहमारा फाट्यावर गोंदियाकडून येणारा रस्ता तिला मिळतो आणि नवेगावबांधकडे जाणारा तिच्यापासून फुटतो. अशा फाट्यावर उजाडण्यापूर्वी कढई तापते, तर्रीचा गंज चढतो, पोह्यांची परात झाकली जाते. मालमोटारींचे चालक, तहसील कचेरीत कामास निघालेले शेतकरी, शाळामास्तर, बसची वाट पाहणारी लेकुरवाळी बाई, अशी सर्व प्रकारची माणसे तेथे उभ्याउभ्या आपली भूक भागवतात.

या चाकांवरच्या चुलीची आरोग्यविषयक तपासणी कोणी करावी, केव्हा करावी आणि मुख्य म्हणजे कशाची करावी, हा प्रस्तुत आढाव्याचा विषय आहे. माझे मत आरंभीच नमूद करतो. आपली तपासणीची पद्धत पत्ता असलेल्या दुकानासाठी घडली असून ती ठेल्याला लावताना आपण ठेला शोधत हिंडतो. वस्तुतः शोधावयास हवे ते ठेल्यावरचे पाणी. ठेला आज येथे आणि उद्या तेथे असतो, परंतु त्याच्या बादलीतील पाणी ज्या विहिरीतून, नळातून वा जारातून आले, ते ठिकाण हलत नाही.

या परिसरातील फिरता अन्नविक्रेता एकाच जातीचा नाही, हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. काही विक्रेते नावापुरतेच फिरते: त्यांच्या ठेल्याला चाके असतात खरी, पण तो वर्षानुवर्षे एकाच झाडाखाली उभा राहतो आणि रात्री ताडपत्रीने झाकला जातो. आलुबोंडा, समोसा, कचोरी, मिरचीभजी आणि चहा हा त्यांचा व्यवसाय. दुसरे आठवडी बाजारांचे विक्रेते. सडक अर्जुनी, सौंदड, शेंडा, पांढरी, खोडशिवनी अशा गावांच्या पंचक्रोशीत बाजाराचे वार वाटलेले असतात आणि त्या वारांच्या क्रमाने या लोकांचा आठवडा फिरतो. चिवडा, जिलेबी, उकडलेले शिंगाडे, गुपचुप (नागपुराकडे ज्याला पाणीपुरी म्हणतात, त्याला छत्तीसगडच्या शेजारामुळे या बाजूस हेच नाव अधिक जवळचे आहे) आणि उन्हाळ्यात बर्फाचा गोळा, कुल्फी, उसाचा रस हे पदार्थ त्यांच्याकडे मिळतात. तिसरे, आणि माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे, ते मंडईचे विक्रेते होत.

मंडईविषयी येथे थोडे विस्ताराने लिहिले पाहिजे, कारण झाडीपट्टीबाहेरील वाचकास मंडई म्हणजे भाजीबाजार वाटतो. भंडारा-गोंदियाच्या भागात दिवाळी सरली की एकामागून एक गावे आपापली मंडई भरवतात. त्या दिवशी गावच्या लेकी माहेरी येतात, पाहुणे गोळा होतात, दिवसा दंडार रंगते, रात्री मंडपात पहाटेपर्यंत नाटक चालते, आणि एरवी काही शेकड्यांची वस्ती असलेल्या गावात एका दिवसापुरती काही हजारांची गर्दी उसळते. आज या गावी तर उद्या त्या गावी, असा ठेलेवाल्यांचा तांडा या मंडयांच्या मागोमाग जातो. पाणी मात्र त्या लहान गावाचेच असते: एक सार्वजनिक विहीर, दोन हातपंप, फार तर एक नळयोजना. एका वस्तीसाठी योजलेल्या त्या पाण्यावर हजारोंचे खाणे, भांडी धुणे आणि पिणे त्या दिवशी पडते. पुढे माघी पौर्णिमेस सालेकसा तालुक्यातील कचारगडास गोंड बांधवांची मोठी यात्रा भरते. महाशिवरात्रीस अर्जुनी मोरगाव तालुक्यातील प्रतापगडावर भाविक लोटतात, आणि तेथे महादेवाच्या दर्शनास येणारे व दर्ग्यास जाणारे एकाच वाटेवरून चालतात. यात्रेतल्या अन्नाची तपासणी हा प्रश्न म्हणूनच या जिल्ह्यात दरवर्षी नव्याने उभा राहतो.

हा प्रश्न आजचा नव्हे. कौटिल्याने धान्य, तेल, क्षार, मीठ, गंध व औषधी यांत हलक्या प्रतीचा माल मिसळणाऱ्यास बारा पणांचा दंड सांगितला आहे. १८६० च्या भारतीय दंडसंहितेने खाद्यपेयांतील भेसळ व अपायकारक अन्नाची विक्री यांसाठी दोन स्वतंत्र कलमे घातली, आणि ती भारतीय न्याय संहितेत आजही नव्या क्रमांकांनी नांदत आहेत. ज्या मध्यप्रांतात त्या काळी हा सर्व मुलूख मोडत असे, त्याने १९१९ साली स्वतःचा भेसळ प्रतिबंधक कायदा केला. मुंबई इलाख्याचा तसाच कायदा १९२५ चा. स्वातंत्र्यानंतर संबंध देशासाठी १९५४ चा अन्नभेसळ प्रतिबंधक अधिनियम आला व तो १ जून १९५५ पासून अंमलात आला. या परंपरेकडे पाहिले असता एक गोष्ट जाणवते, ती ही की कायद्याची दृष्टी दोन हजार वर्षे मुख्यत्वे लबाडीवर खिळलेली होती. दुधात पाणी, तुपात चरबी, हळदीत रंग या फसवणुकीच्या गोष्टी होत, आणि त्यांचा आरोपी फसवणारा व्यापारी असतो. परंतु फाट्यावरच्या आलुबोंड्यात भेसळ बहुधा नसते. तो विकणाऱ्याचा हेतू शुद्ध, बटाटा शुद्ध, बेसनही शुद्ध असूनही खाणारा आजारी पडू शकतो, कारण चटणीत पडलेले पाणी शुद्ध नसते. लबाडी शोधण्यासाठी घडवलेले शस्त्र अस्वच्छतेवर चालवले की ते निर्दोष माणसाला अपराधी ठरवते आणि रोग मात्र तसाच राहतो.

रोगाची बाजू सरकारच्या ध्यानात आली ती निराळ्या वाटेने, म्हणजे यात्रांच्या वाटेने. एकोणिसाव्या शतकात पटकीची साथ यात्रेकरूंबरोबर गावोगाव पोहोचते हे आरोग्यखात्याला दिसले, आणि पंढरपूरसारख्या क्षेत्री विहिरी, तळी, मलमूत्राची व्यवस्था व अन्नाची दुकाने यांवर देखरेख सुरू झाली. १८८४ साली रॉबर्ट कॉख यांनी कलकत्त्यातील एका तळ्याच्या पाण्यात पटकीचा जंतू दाखवून दिला, तेव्हा पाणी व रोग यांच्या संबंधाचा पुरावा हाती आला. तळ्यांचा जिल्हा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या, माजी मालगुजारी तलावांवर, म्हणजे लोकांच्या बोलीतील ‘मामा तलावां’वर, पिढ्यान्‌पिढ्या जगलेल्या गोंदियास हा पुरावा विशेष जवळचा वाटावयास हवा. अशा रीतीने आपल्याकडे दोन स्वतंत्र परंपरा निर्माण झाल्या: भेसळ पाहणारे एक खाते आणि पाणी पाहणारे दुसरे. दोघांची कचेरी वेगळी, दप्तर वेगळे, वरिष्ठ वेगळे. आणि ठेलेवाला या दोन खात्यांच्या मधल्या बोळात उभा आहे.

सध्याचा कायदा २००६ चा अन्न सुरक्षा व मानके अधिनियम होय. त्याचे नियम व विनियम ५ ऑगस्ट २०११ पासून लागू झाले आणि १९५४ चा अधिनियम रद्द झाला. या कायद्याचा मान ठेवून सांगितले पाहिजे की त्याने फिरत्या विक्रेत्याला विसरलेले नाही. २०११ च्या विनियमांतील लहान अन्नव्यावसायिकाच्या व्याख्येत फेरीवाला, फिरता विक्रेता आणि तात्पुरत्या दुकानाचा धनी हे तिघेही नावानिशी येतात. इतकेच नव्हे, तर धार्मिक वा सामाजिक समारंभात अन्न वाटणाराही त्यात मोडतो. ज्याची वार्षिक उलाढाल १२ लाख रुपयांपर्यंत, त्याला परवान्याच्या जाचातून वगळून केवळ नोंदणी पुरेशी मानली, आणि तिचे शुल्क वर्षाला १०० रुपये ठेवले. नोंदणीचा दाखला ठेल्यावर दिसेल असा लावावा, अर्जावर सात दिवसांत निर्णय द्यावा किंवा तपासणीची सूचना द्यावी, आणि नोंदलेल्या प्रत्येक व्यवसायाची वर्षातून निदान एकदा तपासणी व्हावी, असे या विनियमांनी फर्मावले.

स्वच्छतेच्या अपेक्षा विनियमांच्या चौथ्या अनुसूचीत आहेत, आणि ती वाचताना तिच्या कर्त्यांनी खरोखर एखादा ठेला डोळ्यांसमोर ठेवला होता असे वाटते. ठेल्याचा पृष्ठभाग न गंजणारा, पाणी न शोषणारा व सहज धुता येणारा असावा. तो जमिनीपासून ६० ते ७० सेंटीमीटर उंच असावा. अन्न ऊन, वारा व धूळ यांपासून झाकलेले असावे. झाकणाची कचरापेटी असावी. पाणी पिण्यायोग्य असावे. विक्रेत्याने नखे कापलेली असावीत आणि काम करताना खाणे, चघळणे वा थुंकणे टाळावे. विदर्भात हा शेवटचा नियम खर्ऱ्याला, म्हणजे तंबाखू-सुपारीच्या मिश्रणाला, उद्देशून आहे असेच समजावे, कारण तळहातावर खर्रा घोटणारा हात आणि पोह्यांवर कांदा पेरणारा हात यांत धुण्याचा एक क्षण मध्ये पडेलच, अशी खात्री कोणी देऊ शकत नाही.

मग अडते कोठे? ते अंतरात, मनुष्यबळात आणि पत्त्यात अडते. अन्न व औषध प्रशासनाचा अधिकारी जिल्ह्याच्या ठिकाणी बसतो. सडक अर्जुनी तेथून चाळीस-पन्नास किलोमीटरांवर, आणि आठ तालुक्यांतील दूध संकलन केंद्रे, तेलगिरण्या, किराणा दुकाने, मिठाईवाले, शाळांचा पोषण आहार हे सर्व त्याच थोड्या माणसांच्या अंगावर असते. तो अधिकारी मोटारीने फाट्यावर यावयाचा तो कचेरीच्या वेळेत, अकरानंतर. पोह्यांचा ठेला तोवर उठलेला असतो आणि गुपचुपचा अजून लागलेला नसतो. मंडईची खरी गर्दी रात्री दहानंतरची. नमुना घेतलाच, तर कलम ४७ प्रमाणे त्याचे चार भाग करावे लागतात, त्यांतील एक अन्न विश्लेषकाकडे जातो, आणि विश्लेषकाने चौदा दिवसांत अहवाल द्यावयाचा असतो. तेल, मसाला, दूध यांच्या बाबतीत ही रीत योग्यच आहे. परंतु नागपूरची प्रयोगशाळा येथून सव्वाशे किलोमीटरांच्या आसपास आहे, आणि वाटीभर हिरव्या चटणीतील जंतू जसेच्या तसे तेथवर नेण्यास बर्फाची पेटी, वेळ व जाणकार हात लागतात. अहवाल येईपर्यंत चटणी संपलेली असते, खाणारा दुसऱ्या राज्यात पोहोचलेला असतो आणि विक्रेता चौथ्या गावच्या मंडईत असतो.

हद्दीचा गुंता यापेक्षाही चमत्कारिक आहे. २०१४ च्या पथविक्रेता अधिनियमाने फेरीवाल्यांना उपजीविकेचे संरक्षण दिले. त्यांचे दर पाच वर्षांनी सर्वेक्षण करावे, नगर पथविक्रेता समितीत विक्रेत्यांचे प्रतिनिधी निदान ४० टक्के व त्यांत एकतृतीयांश स्त्रिया असाव्यात, प्रत्येकास विक्रीचे प्रमाणपत्र मिळावे, अशी त्याची उदार रचना आहे. जून २०२० मध्ये सुरू झालेल्या स्वनिधी योजनेने या विक्रेत्यांना १०,००० रुपयांचे पहिले कर्ज देऊ केले आणि त्या निमित्ताने पुष्कळ शहरांत प्रथमच विक्रेत्यांच्या याद्या झाल्या. परंतु हा अधिनियम नागरी संस्थांसाठी आहे. तालुक्याच्या ठाण्यांच्या ग्रामपंचायतींचे नगरपंचायतींत रूपांतर करण्याचे धोरण राज्याने स्वीकारल्यानंतर सडक अर्जुनी नगरपंचायत झाली, म्हणून तिच्या हद्दीत उभा राहणारा ठेलेवाला या छत्राखाली येतो. तोच ठेला ढकलत सौंदडच्या बाजारात नेला की तेथे ग्रामपंचायतीचा अंमल, आणि ग्रामपंचायतीस हा अधिनियम लागू नाही. एकच मनुष्य, एकच कढई, एकच चटणी. पण सकाळी तो कायद्याने मान्य असा पथविक्रेता असतो आणि दुपारी बाजारकराची पावती एवढाच त्याचा दस्तऐवज उरतो.

आता मूळ मुद्द्याकडे वळू. ठेल्यावरच्या पदार्थांना एकाच मापाने मोजणे शास्त्राच्या दृष्टीने चूक आहे. साधारण ५ ते ६० अंश सेल्सिअस या पट्ट्यात रोगजंतू झपाट्याने वाढतात, म्हणून उकळती तर्री, कढईतून नुकतीच निथळलेली भजी, डोळ्यांदेखत उकळलेला चहा हे पदार्थ, आजूबाजूस कितीही धूळ दिसली तरी, बऱ्याच अंशी सुरक्षित असतात. भीती असते ती शांत दिसणाऱ्या गोष्टींची: पहाटे वाटून दुपारपर्यंत उघड्या भांड्यात राहिलेली चटणी, रात्री उकडून कुस्करून ठेवलेले बटाटे, चिरलेला कांदा, गुपचुपचे पाणी, रसात पडणारा बर्फ, आणि एकाच बादलीत दिवसभर बुचकळल्या जाणाऱ्या प्लेटा. यांतील बहुतेकांच्या मुळाशी पाणीच आहे. तपासणीस आलेला अधिकारी कढईकडे पाहतो, कारण ती मोठी व काळी असते. त्याने खरे तर बादलीकडे पाहावयास हवे.

पाण्याचा हा विचार पुस्तकी नाही, याचा दाखला महाराष्ट्राने नुकताच पाहिला. जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरात गिलेन-बारे या मज्जासंस्थेच्या आजाराचा उद्रेक झाला, तेव्हा लोकांच्या संशयाची पहिली बोटे बाहेरच्या खाण्याकडे वळली. पुढील तपासांत रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर या जीवाणूचा माग लागला, लक्ष पाणीपुरवठ्याकडे गेले, आणि त्या परिसरातील कित्येक खाजगी जलशुद्धीकरण केंद्रांवर कारवाई झाली. ज्या थंड जारांवर ग्रामीण महाराष्ट्रात आज लग्ने, बारशी, कचेऱ्या आणि ठेले सर्रास चालतात, ते शुद्धच असतात हे गृहीतक त्या घटनेने हादरले.

ग्रामीण भागाजवळ या बाबतीत शहराहून जुनी व साधी यंत्रणा आहे, याची जाणीव फार थोड्यांना असते. ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक विहिरीत व टाकीत टीसीएल ही क्लोरीनयुक्त पूड टाकतो, अर्ध्या तासानंतर नळाच्या पाण्यात ओटी (ऑर्थोटोलिडीन) द्रावणाचे थेंब टाकून पिवळा रंग येतो की नाही ते पाहतो, आरोग्यसेवक नमुने प्रयोगशाळेस धाडतो, आणि पाण्याच्या जोखमीनुसार ग्रामपंचायतीला लाल, पिवळे, हिरवे अथवा चंदेरी कार्ड मिळते. शेवटच्या नळाशी लिटरमागे ०.२ मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन उरावे, एवढीच या सर्व खटाटोपाची अट आहे. ती पूड उघड्या पोत्यात ओलसर खोलीत पडली की तिचा क्लोरीन उडून जातो, हेही खेड्यातील प्रत्येक आरोग्यसेवकास ठाऊक असते. हीच कुपी आणि हेच थेंब घेऊन तो आरोग्यसेवक विहिरीपासून पन्नास पावले चालत गुपचुपच्या माठापाशी गेला, तर जे उत्तर प्रयोगशाळा चौदा दिवसांनी देते त्यातील निम्मे उत्तर एका मिनिटात मिळेल. पाणी चिंचेने गढूळ होण्यापूर्वी, म्हणजे माठात ओतण्याच्या क्षणी ही परीक्षा करावी, इतके पथ्य पाळले म्हणजे झाले.

तेल, कागद आणि रंग यांविषयी थोडक्यात सांगतो. पुनःपुन्हा तापवलेल्या तेलातील ध्रुवीय संयुगांची मर्यादा जुलै २०१८ पासून २५ टक्के ठरली असली, तरी ते मोजण्याचे यंत्र फाट्यावर येत नाही. तेलाचा काळेपणा, फेस व धूर हीच तेथील मोजमापे. वर्तमानपत्राच्या कागदावर भजी देऊ नयेत, कारण शाई तेलात उतरते, असे केंद्रीय अन्न प्राधिकरणाने २०१६ पासून बजावले आहे. पळसाच्या पानांचा द्रोण ज्या मुलखात इतका सुलभ आहे तेथे हा कागद का टिकून राहावा, याचे मला नेहमी दुःख होते. रंगाच्या बाबतीत २०२४ च्या आरंभी गोव्यातील म्हापसा नगरपालिकेने गोबी मंच्युरिअनच्या ठेल्यांविरुद्ध पाऊल उचलले, आणि त्याच वर्षी तमिळनाडू व कर्नाटक यांनी ‘बुढ्ढी के बाल’ या नावाने आपल्या यात्रांत विकल्या जाणाऱ्या साखरेच्या रंगीत कापसावर निर्बंध आणले, कारण त्यात कपड्यांना लावावयाचा रोडामाइन-बी हा रंग आढळला. रंग ही खरोखरीची भेसळ होय आणि तेथे जुन्या पद्धतीची कठोर तपासणी सर्वथा उचित आहे.

परंतु कठोरता सर्वत्र सारखी लावण्याची आपली सवय घातक आहे. मे २०२४ मध्ये मुंबईच्या मानखुर्द भागात रस्त्यावरील शोरमा खाल्ल्यानंतर एका १९ वर्षांच्या तरुणाचा मृत्यू झाला. अशा हृदयद्रावक घटनेनंतर सर्वत्र मोहिमा निघतात, काही दिवस ठेले उचलले जातात, मुद्देमाल नष्ट होतो, पंचनामे होतात, आणि मग सारे पूर्ववत चालते. कायद्यात याहून शहाणा मार्ग आहे. कलम ३२ सुधारणेची नोटीस देण्यास सांगते: उणीव कोणती, ती कशी दूर करावी हे लिहून द्यावे आणि निदान चौदा दिवसांची मुदत द्यावी. अस्वच्छ परिस्थितीत अन्न तयार केल्याबद्दल कलम ५६ खाली एक लाख रुपयांपर्यंतचा दंड आहे. पण ज्याचे सगळे भांडवल एक ठेला, एक सिलिंडर आणि दोन कढया एवढेच आहे, त्याच्या दृष्टीने हा आकडा दंडाचा राहत नाही, तो देशोधडीचा होतो. ज्याला पाण्याचा नळ कोणी दिलेला नाही, त्याला घाणेरड्या पाण्याबद्दल दंड करणे मला न्याय्य वाटत नाही.

याच संदर्भात ठेल्यामागील घराचा विचार केला पाहिजे. ठेला हे या व्यवसायाचे केवळ तोंड. त्याचे पोट घरात असते. पहाटे तीन-चारला उठून बटाटे उकडणारी, चटणी वाटणारी, पुऱ्या लाटणारी घरची बाई कोणत्याही अर्जावर नसते, नोंदणी नवऱ्याच्या वा मुलाच्या नावे होते, आणि तपासणीस येणारा तिच्या चुलीपर्यंत कधी जात नाही. तो एकाएकी तेथे गेला तर तेही अनुचितच होईल. आपल्या समाजात स्वयंपाकघराच्या उंबऱ्याला सोवळ्याचा इतिहास आहे. ते सोवळे शिवणाऱ्याची जात पाहत आले, त्याची नखे पाहत आले नाही. सडकेवरच्या ठेल्याने न बोलता एक मोठे काम केले आहे, ते असे की तेथे कोण कोणाच्या हातचे खातो हे कोणी विचारत नाही. म्हणून स्वच्छतेची शिकवण त्या घरापर्यंत न्यावयाची असेल तर ती जुन्या विटाळाचा वास नसलेल्या भाषेत नेली पाहिजे, आणि ती नेण्यास गावच्या आशा कार्यकर्तीपेक्षा योग्य व्यक्ती मला दिसत नाही, कारण बाळंतिणीला हात धुण्याचे महत्त्व सांगताना ती त्या उंबऱ्यातून आधीच आत गेलेली असते.

इतरत्र काय घडले? सिंगापूरने १९६० च्या दशकाअखेर फेरीवाल्यांची नोंदणी सुरू केली आणि १९७० च्या दशकापासून १९८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत त्यांना नळ, मोऱ्या व कचऱ्याची सोय असलेल्या बांधीव केंद्रांत वसवले. २०२० साली युनेस्कोने त्या खाद्यसंस्कृतीस मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाचा मान दिला. तेथे तपासणी कडक आहे, पण नळ आधी आला हे विसरू नये. आपल्याकडे कोलकात्याच्या अखिल भारतीय आरोग्यविज्ञान व सार्वजनिक आरोग्य संस्थेने संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या साहाय्याने १९९० च्या दशकात तेथील रस्त्यावरच्या अन्नाचा मोठा अभ्यास करून विक्रेत्यांच्या शिक्षणावर भर दिला, आणि २०१८ मध्ये अहमदाबादच्या कांकरिया तलावाकाठच्या खाऊगल्लीस देशातील पहिले स्वच्छ पथखाद्य केंद्र म्हणून मान्यता मिळाली. ही सर्व उदाहरणे शहरांची आहेत, एका जागी स्थिरावलेल्या गर्दीची आहेत. मंडईच्या मागे फिरणाऱ्या ठेल्यासाठी ती जशीच्या तशी उचलता येत नाहीत.

सडक अर्जुनीसारख्या तालुक्याने आपली वाट आपल्याच साधनांतून काढावी, आणि ती साधने आहेत. २०११ च्या विनियमांप्रमाणे नोंदणी अधिकारी केवळ प्रशासनाचा अधिकारीच असला पाहिजे असे नाही; राज्याच्या अन्न सुरक्षा आयुक्तांनी अधिसूचित केल्यास पंचायतीचा वा नगरपंचायतीचा कर्मचारीही ते काम करू शकतो. या तरतुदीचा लाभ घेऊन प्रत्येक बाजारगावी नोंदणी व पहिली तपासणी स्थानिक हातात द्यावी, आणि प्रशासनाच्या अधिकाऱ्याने रंग, तेल, दूध यांसारख्या खऱ्या भेसळीवर आपले बळ लावावे. यात लाचलुचपतीचा व गावकीतील वैराचा धोका आहे, हे मी जाणतो. ज्याच्या हाती दाखला त्याच्या हाती छळ, हा अनुभव आपल्या लोकांना पिढ्यान्‌पिढ्यांचा आहे. म्हणून तपासणीचे निष्कर्ष बाजाराच्या फळ्यावर सर्वांसमक्ष लिहिले जावेत आणि दंडाचा अधिकार मात्र वरच्या पायरीवरच राहावा.

आणि विक्रेत्यांची यादी? ती नव्याने करण्याचे कारण नाही. आठवडी बाजाराच्या वसुलीचा ठेका बहुतेक ठिकाणी लिलावाने दिला जातो, आणि ठेकेदाराचा माणूस दर बाजारी प्रत्येक ठेल्यापाशी जाऊन पावती फाडतो. तालुक्यात किती ठेले आहेत, कोणते कोठून येतात, कोणता आज आला नाही, हे त्याच्याइतके कोणत्याही खात्यास ठाऊक नाही. ज्या पावतीने ठेलेवाल्याकडून जागेचे पैसे घेतले जातात, तिच्या मोबदल्यात त्याला तोटीची टाकी, क्लोरीनयुक्त पाणी, भांडी धुण्याचा ओटा आणि खरकट्याचा खड्डा मिळणे हा त्याचा हक्क मानला गेला पाहिजे. हे सर्व मिळाल्यावरही बादली घाणेरडी राहिली तर मग कलम ३२ ची नोटीस खुशाल द्यावी.

मंडईच्या बाबतीत याहून थोडी अधिक तजवीज लागेल. मंडईचा दिवस गावाला आधीच ठाऊक असतो, नाटकमंडळीस विसार दिलेला असतो, मंडप ठरलेला असतो. हे सारे गावाच्या ज्या बैठकीत ठरते, त्याच बैठकीत आरोग्यसेवकाला बोलावून आदल्या दिवशी विहिरीत टीसीएल कोणी टाकावयाचे, पाण्याची टाकी कोठे उभी करावयाची, नाटकाच्या मध्यंतरात ओटी चाचणी घेऊन बादल्या कोणी बदलावयाच्या, हे वहीत लिहिले गेले पाहिजे. आठवडी बाजारासाठी तर गावकऱ्यांच्या अशा बैठकीचीही वाट पाहण्याचे कारण नाही. लिलावाच्या शर्ती दरवर्षी नव्याने लिहिल्या जातात. त्यांत पाण्याच्या टाकीची व क्लोरीन तपासणीच्या नोंदवहीची एक शर्त वाढवण्यास ग्रामपंचायतीचा ठराव पुरेसा आहे, आणि पुढील वर्षाचा ठेका जाण्यापूर्वी, मार्चच्या मासिक सभेत, तो मांडता येतो.